तीन देशांच्या सीमेवरचे दहा टप्पे: अल्बानिया, कोसोवो, मॉन्टेनेग्रो आणि गाईडचा प्रश्न

रानवाटा

नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या अखेरीस आम्ही चौघं ‘पीक्स ऑफ द बाल्कन्स’ ही वाट चालून आलो. अल्बानिया, कोसोवो आणि मॉन्टेनेग्रोच्या सीमा जिथे एकमेकींत गुंतल्या आहेत, त्या डोंगरांतून फिरणारं हे १९२ किलोमीटरचं वर्तुळ आहे. पूर्ण फेरीचे साधारण दहा टप्पे धरतात. आम्ही आठ दिवस चाललो, दोन टप्पे गाडीने केले. आमच्यासोबत आणखी पाच जण होते आणि एक गाईड.

निघायच्या आधी मलाही वाटत होतं की गाईडवर एवढा खर्च कशाला? वाटेवर लाल-पांढऱ्या खुणा आहेत, मोबाईलमध्ये नकाशा आहे. आता मात्र मत अगदी पक्कं झालंय. वाट सापडायला तिथे गाईड फारसा लागत नाही. लागतो तो सीमेसाठी आणि माणसांसाठी. हे मला कसं उमगलं तेच सविस्तर लिहिते, म्हणजे ज्यांच्या मनात हा बेत आहे त्यांना उपयोग होईल.

या डोंगररांगेला अल्बानियन भाषेत ‘ब्येश्कत ए नेमुना’ आणि पलीकडे मॉन्टेनेग्रोत ‘प्रोक्लेतिये’ म्हणतात. दोन्हींचा अर्थ शापित डोंगर. मुलांना घेऊन पळणाऱ्या एका आईला इथे पाण्याचा थेंब मिळाला नाही, तेव्हा तिने या डोंगरांना शाप दिला अशी एक कथा आहे. चालताना ती कथा पटते. सगळा डोंगर चुनखडीचा. पडलेला पाऊस आणि वितळलेला बर्फ दगडाच्या भेगांतून थेट पोटात जातो आणि खाली दरीत कुठेतरी भल्या मोठ्या झऱ्याने बाहेर येतो. वर धारेवर तुम्ही कोरडे ठणठणीत आणि हजार मीटर खाली निळंशार पाणी धो धो वाहतंय, असा प्रकार. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी पाठीवर हवंच.

सुरुवात अल्बानियातल्या श्कोडर शहरातून. तिथून थेथला गाडीने गेलो. थेथ म्हणजे उभ्या कड्यांच्या वाडग्यात विखुरलेली घरं, मधे एक छोटं चर्च आणि एक दगडी बुरूज. हा बुरूज बघायला विसरू नका. इथल्या डोंगराळ टोळ्यांचा ‘कानून’ नावाचा एक परंपरेने चालत आलेला कायदा होता. त्यात खुनाचा बदला हे घराण्याचं कर्तव्य मानलं जाई. ज्याच्यावर सूड उगवायचा तो माणूस या बुरुजात आसरा घेई आणि तोवर मध्यस्थ बोलणी करत. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. खिडक्या म्हणजे भिंतीतल्या फटी, बाहेरून गोळी आत येऊ नये इतक्या अरुंद. त्याच कानूनमध्ये पाहुण्याचं रक्षण हेही तितकंच कडक कर्तव्य आहे. घर देवाचं आणि पाहुण्याचं, असं तो सांगतो. या दोन्ही गोष्टी एकाच समाजाने एकाच वेळी कशा सांभाळल्या असतील, याचा विचार मी पुढचे कितीतरी दिवस करत होते.

पहिल्या रात्री थेथमध्ये जेवण झाल्यावर गाईडने आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट मागितले. त्याच्याकडे सीमा ओलांडण्याच्या परवानग्यांचे छापील कागद होते. या वाटेवर तुम्ही देश बदलता तिथे चौकी नसते, शिक्का मारणारा कुणी नसतो. म्हणून कोण, कुठल्या तारखेला, कुठल्या खिंडीतून जाणार हे त्या-त्या देशाच्या सीमा पोलिसांना आधी कळवून परवानगी घ्यावी लागते. त्यात नाव आणि पासपोर्ट क्रमांक असतो. गाईड एकेक पासपोर्ट दिव्याखाली धरून बोटाने क्रमांक ताडून बघत होता. आमच्या मैत्रिणीच्या पासपोर्टवर त्याचं बोट थांबलं.

झालं असं होतं की मे महिन्यात आयोजकांनी पासपोर्टच्या प्रती मागवल्या, आम्ही पाठवल्या. जूनमध्ये मैत्रिणीने पासपोर्टचं नूतनीकरण करून घेतलं. नवा पासपोर्ट, नवा क्रमांक. ना आम्हाला कळवायचं सुचलं, ना आयोजकांनी निघण्याआधी पुन्हा विचारलं. कागदावर जुना क्रमांक. गाईडने त्याच रात्री फोनाफोनी सुरू केली. कोसोवोची दुरुस्त परवानगी चौथ्या टप्प्याच्या आदल्या संध्याकाळी आली. मॉन्टेनेग्रोची आलीच नाही.

सातव्या टप्प्याला, म्हणजे कोसोवोतल्या कुचिश्तहून बाबिनो पोल्येला जाताना, येलेनाक खिंडीतून मॉन्टेनेग्रोत उतरायचं होतं. वाटेतल्या उंच टप्प्यांपैकी एक, खिंड सुमारे २२७० मीटरवर. मैत्रीण दोन वर्षं या ट्रेकसाठी पैसे साठवत होती. आम्ही गाईडला खूप गळ घातली. आठ जणांचे कागद बरोबर आहेत, कोण बघतंय, गस्त रोज थोडीच असते? तो शांतपणे नाही म्हणाला. तिला त्याने सकाळी गाडीत बसवून दिलं. गाडी पेया शहरावरून कुला घाटाच्या चौकीतून रोझायेला आणि तिथून प्लावकडे, असा मोठा वळसा घालून गेली. संध्याकाळी बाबिनो पोल्येत भेटलो तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मला त्या दिवशी गाईडचा फार राग आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी हृद तलावाच्या वरच्या कुरणात आम्हाला गस्तीवरचे दोन पोलीस भेटले. त्यांनी कागद मागितला, एकेक पासपोर्ट बघितला. मैत्रिणीच्या पासपोर्टवर कुला चौकीचा शिक्का होता, त्यामुळे ती रीतसर आलेली. पाच मिनिटांत आम्ही मोकळे. ती आदल्या दिवशी आमच्याबरोबर डोंगरातून आली असती तर काय झालं असतं, हे गाईडने आम्हाला बोलून दाखवलं नाही. त्याची गरजही नव्हती.

वाटेतलं बाकीचं वर्णन प्रतिसादांत सवडीने लिहीन. काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.

---

सावली

वाचून अंगावर काटा आला. माझ्या बहिणीचा पासपोर्ट याच वर्षी बदललाय आणि पुढच्या उन्हाळ्यात आमचा हाच बेत आहे. आताच वहीत लिहून ठेवते.

डोबरडोलबद्दल लिहा ना. सगळे म्हणतात तिथली रात्र विसरता येत नाही.

---

पायपीट

छान लिहिलंय, पण एक वेगळी बाजू मांडतो. मी दोन वर्षांपूर्वी दोन मित्रांसोबत गाईडशिवाय ही फेरी केली. परवानग्या एका स्थानिक संस्थेला पैसे देऊन काढून घेतल्या, मुक्काम आधी ठरवले, मोबाईलमध्ये वाटेचा मागोवा उतरवून घेतला. धडधाकट आणि डोंगराची सवय असलेल्या माणसाला हे जमतं. गाईडच हवा असं सरसकट सांगणं मला पटत नाही. आपल्या चालीने चालायचं, हव्या त्या खिंडीत तासभर बसून राहायचं, ही मजा गटात मिळत नाही.

दोन ठिकाणी मात्र आमची त्रेधा उडाली, तेही प्रामाणिकपणे सांगतो. चेरेम गावाच्या पुढे बीचच्या झाडांच्या जंगलात लाकूडतोडीच्या गाडीवाटा इतक्या फुटल्यात की खुणा कुठल्या आणि चकवा कुठला कळेना. दीड तास गेला. दुसरं म्हणजे कुत्री. त्याबद्दल रानवाटा यांनी लिहावं, माझ्यापेक्षा त्यांना गाईडकडून जास्त कळलं असेल.

---

रानवाटा

पायपीट, तुमचं म्हणणं मान्य. ज्यांना डोंगराचा सराव आहे आणि ज्यांनी कागदपत्रांची स्वतः काळजी घेतली त्यांना जमतं. आमच्या गटात दोघं पन्नाशीपुढचे होते आणि आम्हा कुणालाच ना अल्बानियन येत होती ना माँटेनेग्रिन. आमचा गाईड दोन्ही बोलायचा. यामुळे जो फरक पडला तोच सांगायचा प्रयत्न आहे.

कुत्र्यांबद्दल. तिकडची मेंढपाळांची कुत्री म्हणजे शार जातीची, भरदार केसाळ, अस्वलासारखी. लांडगा आणि अस्वल यांच्यापासून कळप राखायला पाळलेली. दुरून भुंकत धावत येतात तेव्हा पोटात गोळा येतो. गाईडने पहिल्याच दिवशी सांगितलं: पळायचं नाही, काठी उगारायची नाही, सगळ्यांनी एकत्र थांबायचं आणि मेंढपाळाला मोठ्याने हाक मारायची. कळपाच्या मधून जायचं नाही, लांबचा वळसा घ्यायचा. डोबरडोलच्या वर तीन कुत्री आमच्याकडे सुटली. गाईडने वरच्या उतारावर बसलेल्या मेंढपाळाला हाळी दिली. तिकडून एकच शीळ आली आणि तिन्ही जागच्या जागी थांबली. मग मेंढपाळ खाली आला, गाईडशी हात मिळवला, घरच्यांची चौकशी झाली. दोघं ओळखीचे होते.

सावली, आता डोबरडोल. सुमारे १८०० मीटरवरचं हे उन्हाळी वस्तीचं गवताळ खोरं. मेंढपाळांची कुटुंबं जूनमध्ये गुरं-मेंढ्या घेऊन वर येतात आणि सप्टेंबरमध्ये थंडी पडू लागली की खाली उतरतात. आपल्याकडच्या धनगरवाड्यांसारखंच, फक्त घरं दगड-लाकडाची, वर पत्रा. विजेच्या तारा नाहीत, सौर पॅनेलवर एखादा दिवा. संडास बाहेर. रात्री जाताना बॅटरी न्या आणि वर बघायला विसरू नका.

घराची मालकीण संध्याकाळी अंगणात ‘फ्ली’ करत होती. मी दोन तास तिच्याजवळ बसून राहिले. पीठ, पाणी आणि मीठ एवढ्याचं पातळ भिजवलेलं. मोठ्या गोल परातीत ते चमच्याने मधून कडेकडे किरणांसारखं ओतायचं, मधे मोकळी जागा सोडायची. वर लोखंडी घुमटाचं झाकण, ते आधी विस्तवात तापवलेलं, त्यावर राख आणि निखारे. एक थर भाजला की झाकण आकड्याने उचलायचं, साय-लोणी लावायचं, आता मोकळ्या जागांवर पुढचा थर. असे थरावर थर. तिने मला एक थर ओतू दिला. माझ्या रेषा जाड आल्या, तर तिने चमच्याने अलगद सारख्या केल्या आणि माझ्या पाठीवर थाप मारली. आम्हाला एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. जेवताना तो पदार्थ तिने मधासोबत आणि दह्यासोबत वाढला.

---

शिदोरी

फ्लीचं वर्णन वाचून भूक लागली. मी शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. आठ-दहा दिवस निभावेल का?

---

रानवाटा

निभावतं, पण आधी सांगून ठेवायला हवं. घरचं पांढरं चीज, दही, ताक, मक्याचा भाकरीसारखा पाव, भाजलेल्या ढब्बू मिरच्या सायीत, टोमॅटो-काकडी, बटाटे, मध, राजम्यासारख्या घेवड्याची आमटी हे जवळजवळ सगळीकडे. आमटीत कधी मांसाचा तुकडा असतो, तेव्हा विचारूनच घ्या. ‘ब्युरेक’ म्हणजे पातळ पापुद्र्यांचा भाजलेला पदार्थ, तो चीजचा किंवा पालकाचा मिळतो, मांसाचाही असतो. दुपारची शिदोरी सकाळी बांधून देतात, बहुधा पाव, चीज, टोमॅटो. तिसऱ्या दिवसापासून त्याच त्या चवीचा कंटाळा येतो, म्हणून मी चटणीची पुडी नेली होती. प्यायला डोंगरी चहा मिळतो, पिवळट फुलांच्या वाळवलेल्या काड्यांचा. चढ चढून आल्यावर तो खरंच बरा वाटतो.

गाईडने प्रत्येक मुक्कामी आदल्या दिवशी फोन करून ‘दोघांना मांस नको, अंडं नको’ असं सांगितलं होतं.

---

निवांत_५८

माझं वय आयडीत आहेच. हिमालयात ५००० मीटरपर्यंतचे ट्रेक केलेत. इथला सर्वांत उंच डोंगर येझेर्त्सा २६९४ मीटरचा म्हणे, आणि वाट त्याच्यापेक्षाही खालून. म्हणजे तुलनेने सोपा समजायचा का?

---

पायपीट

काका, नुसत्या उंचीच्या आकड्यावरून ठरवू नका. विरळ हवेचा त्रास इथे नाही हे खरं. पण जवळजवळ रोज हजार मीटरच्या आसपास चढ आणि तेवढाच उतार. हिमालयात आपण बऱ्याचदा हळूहळू उंची कमावत जातो, इथे रोज दरीतून खिंडीत आणि खिंडीतून पुढच्या दरीत. थेथ ते वल्बोना बघा. खिंड सुमारे १८०० मीटरवर आहे आणि पलीकडे वल्बोना नदीच्या पांढऱ्याफेक गोट्यांच्या पात्रात उतरायचं. घसाऱ्यावरून उतरताना मांड्या भरून येतात. दोन काठ्या हव्यातच.

माझ्या मते त्या दिवसापेक्षा डोबरडोल ते मिलिशेवत्स कठीण. लांबलचक, आणि धुकं आलं तर कसोटी.

---

रानवाटा

अगदी बरोबर. निवांत काका, तुमच्या मनात असेल तर दोन महिने आधी जिन्याचा सराव करा, पाठीवर सात-आठ किलो घेऊन, आणि उतरायचा सराव जास्त. मोठं सामान गाडीने किंवा घोड्यावरून पुढे पाठवायची सोय बहुतेक टप्प्यांवर होते. आम्ही पाठीवर फक्त दिवसाचं सामान ठेवलं होतं.

मिलिशेवत्सच्या दिवसाबद्दल सांगायलाच हवं, कारण तिथेच आमच्यातल्या एका ताईंचा पाय मुरगळला.

डोबरडोलहून चढून गेलं की तिन्ही देशांच्या सीमा मिळतात ती जागा जवळ येते. तिथला त्रिसीमेचा बिंदू २३६६ मीटरवर आहे. खाली अल्बानिया, डावीकडे मॉन्टेनेग्रो, समोर कोसोवो, आणि जमिनीवर काहीच नाही. ना कुंपण, ना रेघ. मधेच एखादा पांढरा सीमास्तंभ. आम्ही तिथे पोचलो तर दाट धुकं. उतारावर, म्हणजे कोसोवोच्या बाजूला, ओल्या गवतात ताईंचा पाय घोट्यात वाकला. सूज लगेच दिसायला लागली. मी मोबाईल काढला तर त्यावर मॉन्टेनेग्रोचं नेटवर्क. आम्ही कोसोवोत उभे. ११२ लावला तरी तो कुठल्या देशात लागेल हे सांगता येत नव्हतं.

गाईडने त्यांचा बूट काढू दिला नाही. बुटावरूनच बँडेज घट्ट बांधलं, कारण काढलेला बूट सुजेमुळे परत चढला नसता. मग दुसरा मोबाईल काढला, त्यात कोसोवोचं सिम होतं. खालच्या वस्तीतल्या ओळखीच्या मेंढपाळाला फोन केला. पाऊण तासात धुक्यातून घंटेचा आवाज आला आणि एक मुलगा घोडा घेऊन वर आला, वय असेल पंधरा-सोळा. खोगिरावर घोंगडी दुमडून टाकलेली. तो मुलगा पूर्ण उतारभर घोड्याच्या तोंडाशी चालला आणि प्रत्येक मोठ्या दगडाशी थांबून ताईंकडे वळून बघत होता. मिलिशेवत्सला त्याच्या आईने पाय थंड पाण्यात ठेवायला लावला. ताईंनी पैसे पुढे केले तर त्या बाईने तळहात छातीवर ठेवून मान हलवली. शेवटी गाईडने घोड्याचं भाडं म्हणून मुलाच्या हाती दिले, तेव्हा घेतले.

हाड मोडलं नव्हतं. ताई दोन टप्पे गाडीने आल्या आणि शेवटचा टप्पा चालल्या.

---

कातळवेडा

इथेच माझा प्रश्न. त्रिसीमेच्या परिसरात सुरुंगांची भीती आहे असं ऐकलंय. खरं काय?

---

रानवाटा

१९९८-९९ च्या कोसोवो युद्धात कोसोवो-अल्बानिया सीमेवर सुरुंग पेरले गेले होते. नंतर साफसफाई झाली आणि ही वाट त्यानंतर आखली आहे. हजारो लोक चालतात. गाईडचं सांगणं एवढंच होतं की सीमेलगत खुणांची वाट सोडून जवळच्या मार्गाच्या मोहात पडायचं नाही. आम्ही ते पाळलं.

सीमेबद्दल आणखी एक. कुचिश्त ज्यात आहे त्या रुगोवा खोऱ्याच्या वरच्या बाजूला कोसोवो आणि मॉन्टेनेग्रोची हद्द नेमकी कुठून, यावरून मोठा वाद झाला होता. २०१५ मध्ये करार झाला, पण आपली आठ हजार हेक्टर जमीन जाते म्हणून कोसोवोच्या संसदेत विरोधकांनी अश्रुधूर सोडला. २०१८ मध्ये करार मंजूर झाला. कुचिश्तचे घरमालक जेवताना बोट करून सांगत होते, त्या वरच्या कुरणात माझे आजोबा मेंढ्या न्यायचे. आवाज चढवला नाही. फक्त बोट बराच वेळ त्या दिशेला राहिलं.

---

दिवेलागण

शेवटच्या टप्प्याबद्दल मीही लिहिते, कारण मी फक्त वुसान्ये ते थेथ एवढाच दिवस चालले आहे, तोही गाईडसोबत. मॉन्टेनेग्रोतल्या वुसान्येहून रोपोयाना दरीतून वर जाता. दरीत एक तलाव आहे, बर्फाच्या पाण्याने भरणारा. मी जुलैच्या सुरुवातीला गेले तेव्हा हिरवंगार पाणी होतं. माझी एक मैत्रीण सप्टेंबरमध्ये गेली तर तिथे फक्त पांढरे गोटे. त्यामुळे फोटो बघून जाऊ नका.

वर खिंडीच्या आसपास गवतात काँक्रीटचे घुमट दिसतात. अल्बानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजा याच्या काळातले बंकर. अल्बानियाभर असे १ लाख ७० हजारांहून जास्त बांधले. एकाच्या तोंडातून आत वाकून बघितलं तर मेंढ्यांची लेंडी आणि कोपऱ्यात जुनी घोंगडी. आमच्या गाईडचे वडील थेथच्या बाजूचे आणि आत्या पलीकडच्या वुसान्येत दिलेली. सीमा बंद होती त्या काळात भावाबहिणीची भेट नाही. एका दिवसाच्या चालीवर दोघं. पलीकडे जायचा प्रयत्न करणाऱ्यावर गोळ्या झाडत. आता आमचा गाईड दर आठवड्याला पाहुणे घेऊन त्याच खिंडीतून जातो.

मी त्या खिंडीत बसले होते तेव्हा वाऱ्याशिवाय आवाज नव्हता. गाईडने पाण्याची बाटली माझ्याकडे दिली आणि काही न बोलता पुढे चालू लागला.

---

सावली

दिवेलागण, काय लिहू यावर. धन्यवाद.

रानवाटा, व्हिसाचं आणि पैशांचंही सांगाल का?

---

रानवाटा

दिवेलागण, आम्हीही त्याच खिंडीतून उतरलो, पण ही गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. आभारी आहे.

सावली, आमच्याकडे अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा होता, त्याचा एकदा वापर झालेला होता आणि मुदत शिल्लक होती. त्यावर तिन्ही देशांत जाता आलं. कुठे किती दिवस चालतो ते प्रत्येक देशाचं वेगळं आहे आणि नियम बदलतात, तेव्हा बुकिंगआधी तिन्ही देशांच्या सरकारी संकेतस्थळांवर स्वतः बघा. आयोजकांच्या शब्दावर राहू नका. भारताने कोसोवोला देश म्हणून मान्यता दिलेली नाही, त्यामुळे तिथे आपला दूतावास नाही. पासपोर्ट हरवला तर हे फार महाग पडेल. मी पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गळ्यात बांधून फिरले. विम्याच्या कागदावरही कोसोवोचं नाव स्वतंत्रपणे लिहिलेलं आहे ना, ते बघून घ्या.

पुढे सर्बियाला जायचं असेल तर ती सहल वेगळी ठेवा. सर्बिया कोसोवोला आपलाच भाग मानतो, त्यामुळे अल्बानिया किंवा मॉन्टेनेग्रोतून कोसोवोत शिरून मग सर्बियाच्या चौकीवर गेलात तर अडवतात.

पैसे: कोसोवो आणि मॉन्टेनेग्रोत युरो, अल्बानियात लेक. डोंगरातले मुक्काम युरोही घेतात. कार्डावर अजिबात विसंबू नका. श्कोडरमध्येच रोख काढा, सुटे जास्त ठेवा.

---

घोंगडी

गाईड किंवा आयोजक निवडताना काय विचारायचं, हे कुणी नीट सांगेल का? सगळ्यांची माहितीपत्रकं सारखीच दिसतात.

---

पायपीट

मी गाईडशिवाय गेलो असलो तरी आता आई-वडिलांना पाठवायचं म्हणून याच शोधात आहे. मी विचारलेले प्रश्न: गाईड तिन्ही देशांत पूर्ण वेळ तोच असेल की सीमेवर बदलेल? त्याच्याकडे डोंगरी गाईडचं प्रमाणपत्र आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहे का? एका गाईडमागे किती माणसं? कुणी दुखावलं तर बाकीच्यांना पुढे कोण नेणार? या शेवटच्या प्रश्नावर दोघांनी विषय बदलला, त्यांची नावं मी यादीतून खोडली.

---

रानवाटा

यात माझी एक भर. परवानगीचे कागद निघण्याआधी आठवडाभर स्वतः मागून घ्या आणि पासपोर्ट हातात धरून ताडून बघा. अर्ज किमान पंधरा दिवस आधी जायला हवेत, म्हणजे चूक सापडली तर दुरुस्तीला वेळ उरेल. आणि गाईडला विचारा, तू कधी कुणाला ‘नाही’ म्हणाला आहेस का? जो सांगेल ‘आमच्याकडे सगळं जमतं’, त्याच्यासोबत मी जाणार नाही.

मैत्रिणीने परवा मला फोटो पाठवला. त्या वळशाच्या दिवशी ड्रायव्हरने गाडी थांबवून एका म्हाताऱ्या बाईकडून ब्लूबेरीची बरणी घेतली होती. बाई उतारावर लाकडी फणीने झुडपं विंचरत होती. फणीला लांब दात आणि मागे डबा, एका ओढीत मूठभर फळं डब्यात. मैत्रिणीने तिच्याकडून फणी मागून घेतली आणि अर्धा तास विंचरत बसली. फोटोत तिचे हात मनगटापर्यंत जांभळे आहेत. पुढच्या वर्षी येलेनाकची खिंड चालायला तिला परत जायचंय, त्याच गाईडसोबत. तिने त्याला आधीच कळवलंय.

---

सावली

आम्ही जूनचा पहिला आठवडा ठरवत होतो. चालेल का?

---

दिवेलागण

नको. जूनच्या सुरुवातीला उत्तरेकडच्या उतारांवर आणि खिंडींत कडक बर्फ असतो, डोबरडोलला माणसंही वर आलेली नसतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर बघा. फुलं तेव्हा भरात असतात आणि रोपोयानाच्या तलावात पाणीही मिळेल.

---

सावली

११ जुलै ठरवलं. आज आयोजकांशी फोनवर बोलले. बहिणीचा नवा पासपोर्ट क्रमांक एकेक अंक वाचून दाखवला आणि त्यांच्याकडून परत वाचून घेतला.